सैल सदरा ते अंगासरशी जर्सी

२९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस. तो आपण राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी अनेक शाळांच्या फलकावर ध्यानचंदांचे एखादे जुने, कृष्णधवल छायाचित्र लावलेले असते. पुढच्या वेळी ते पाहाल तेव्हा त्यांच्या हातातल्या स्टिककडे क्षणभर दुर्लक्ष करा आणि अंगातले कपडे पाहा. सैल सदरा, कॉलर, रुंद बाह्या. आता त्याशेजारी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या आपल्या संघाचे छायाचित्र ठेवा. कॉलर जवळजवळ नाहीशी झाली आहे, बाही दंडाला लागून आहे आणि जर्सी छातीपासून कमरेपर्यंत अंगासरशी बसली आहे.

खेळ तोच, माणसाचे शरीरही तेच. मग सदरा इतका का बदलला?

"फॅशन बदलली, दुसरे काय!" असे तुमच्यापैकी कुणी तरी म्हणेल. त्यात थोडे तथ्य आहेच, आणि त्याविषयी पुढे बोलू. पण सदरा सैल असावा की घट्ट, हे ठरवताना तीन प्रश्न आपोआप पुढे येतात. कापड ताणले जाते का? घाम कुठे जातो? आणि ज्या मैदानावर खेळायचे ते मैदान कसे आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे दर काही दशकांनी बदलत गेली, आणि त्यांच्याबरोबर सदऱ्याचे मापही बदलत गेले. हे कसे घडले ते क्रमाने पाहू. त्यासाठी फार मोठी प्रयोगशाळा लागणार नाही. शिंप्याची टेप, किराणा दुकानातला काटा आणि दोन जुने सदरे एवढे पुरे.

आधी टेप घ्या

एका मित्राला सरळ उभे करा. हात दोन्ही बाजूंना सोडलेले असू द्या. पाठीवर, एका काखेच्या मागच्या घडीपासून दुसऱ्या काखेच्या मागच्या घडीपर्यंत आडवे माप घ्या. आता त्याला हॉकीपटूसारखे कमरेत वाकायला सांगा, दोन्ही हात पुढे, जणू स्टिक धरली आहे. पुन्हा तेच माप घ्या. मग मानेच्या खालच्या मणक्यापासून कमरेपर्यंतचे उभे मापही दोन्ही स्थितींत घ्या.

दोन्ही मापे काही सेंटिमीटरने वाढलेली दिसतील. आपली त्वचा ताणली जाते, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. पण अंगावरचे कापड जर ताणले गेले नाही, तर एक तर ते काखेत काचेल, नाही तर पाठीवर उसवेल.

शिंप्याला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो छातीचे माप घेतो आणि त्यात काही इंच वाढवून मगच कापड कापतो. हा वाढवलेला भाग म्हणजे हालचालीसाठी ठेवलेली शिल्लक होय. सरळ उभे असताना ती नुसती लोंबते आणि वाकल्यावर कामी येते. ध्यानचंदांच्या काळातल्या सदऱ्याचा सैलपणा हा प्रथम या हिशेबाचा सैलपणा होता.

मागाचे कापड आणि होजिअरीचे कापड

ही शिल्लक ठेवण्याची गरज कशी कमी झाली? त्यासाठी कापडाच्या पोटात शिरावे लागेल.

सदऱ्याचे साधे कापड मागावर तयार होते. त्यात उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांच्या खालीवर जातात. यालाच ताणाबाणा म्हणतात. संभाजीनगरची हिमरू, पैठणची पैठणी, तुमच्या गणवेशाचा सदरा, ही सगळी मागाची कापडे. असे कापड उभे किंवा आडवे ओढून पाहा. ते जवळजवळ हलत नाही, कारण धागा सरळच असतो. त्याला आणखी सरळ व्हायला वाव नसतो.

आता पायमोजा किंवा बनियन ओढून पाहा. लगेच लांबते आणि सोडले की मागे येते. हे होजिअरीचे कापड. यात धागा सरळ जात नाही. सुयांवरच्या स्वेटरप्रमाणे धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात. ओढल्यावर धागा लांबत नाही, फासाचा आकार बदलतो. गोल फास लांबट होतो. म्हणजे मागाच्या कापडात जी शिल्लक शिंप्याला बाहेरून ठेवावी लागते, ती होजिअरीत प्रत्येक फासाच्या वळणात आधीच साठवलेली असते.

'जर्सी' हे नावही इथूनच आले. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीत जर्सी नावाचे एक लहानसे बेट आहे. तिथले लोकरी विणकाम एके काळी प्रसिद्ध होते. कोळी लोक घालत असलेल्या त्या विणलेल्या, अंगाला बसणाऱ्या लोकरी कपड्याला बेटाचे नाव मिळाले. तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या गोठ्यात जर्सी गाय असेल, तर तिचे नावही त्याच बेटावरून पडले आहे. खेळाडूचा सदरा आणि दुभती गाय यांचे माहेर एकच, हे कळले म्हणजे गंमत वाटते!

त्यानंतरची पायरी धाग्यातच घडली. १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स नावाचा तंतू तयार केला. तो मूळ लांबीच्या पाचपटीपर्यंत ताणला जातो आणि पुन्हा पूर्ववत होतो. 'लायक्रा' हे त्याचे बाजारातले नाव तुम्ही ऐकले असेल. होजिअरीच्या कापडात हा तंतू थोडासा मिसळला, तरी कापड सगळीकडून ताणले जाते. शिल्लक आधी शिवणीत होती, मग फासात आली, शेवटी धाग्यात गेली. त्यामुळे कापड अंगाजवळ आणणे शक्य झाले.

पण शक्य झाले म्हणून ते योग्य ठरले का? इथे दुसरा प्रश्न येतो, घामाचा.

घामाचे गणित

पळणाऱ्या माणसाचे स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा-पाचवा हिस्साच हालचालीसाठी वापरतात. उरलेली ऊर्जा उष्णता बनते. जोरात खेळणाऱ्या शाळकरी मुलाच्या शरीरात दर सेकंदाला ५०० ज्यूल, म्हणजे ५०० वॅट उष्णता निर्माण होते असे धरू. ती बाहेर टाकली नाही तर शरीर तापत जाईल.

त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश सेल्सियस असते. हवा त्याहून थंड असेल तर काही उष्णता थेट हवेत जाते. पण फुलंब्रीत मे महिन्याच्या दुपारी पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हा गणित उलटते. हवाच शरीराला तापवू लागते. अशा वेळी शरीराजवळ एकच खरा उपाय उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन.

त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. आता हिशेब करा. मिनिटाला ५०० × ६० = ३०,००० ज्यूल. त्याला २४०० ने भागा. उत्तर येते १२.५ ग्रॅम. म्हणजे मिनिटाला साडेबारा ग्रॅम, तासाला सुमारे पाऊण लिटर घाम वाळला पाहिजे. हवेतून आणि उन्हातून मिळणारी उष्णता यात धरलेलीच नाही.

या वाक्यातला 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा आहे. कपाळावरून ठिबकून मातीत पडलेला घाम शरीरातले पाणी कमी करतो. थंडावा मात्र देत नाही. म्हणून चांगल्या सदऱ्याची कसोटी अशी: त्याने घाम वाळू दिला पाहिजे.

भाता आणि माठ

घाम वाळू देण्याचे दोन मार्ग आहेत, आणि ते दोन्ही तुमच्या ओळखीचे आहेत.

पहिला मार्ग लोहाराच्या भात्याचा. सैल सदरा घालून पळताना तो सतत अंगाला लागतो आणि सुटतो. प्रत्येक वेळी आतली ओली हवा गळ्यातून व खालून बाहेर पडते आणि नवी हवा आत शिरते. आत किती हवा मावते? छातीचा घेर ८० सेंटिमीटर आणि सदऱ्याचा घेर १०० सेंटिमीटर धरा. दोन्ही वर्तुळे मानली, तर त्यांच्यातले अंतर २० भागिले २π, म्हणजे सुमारे ३.२ सेंटिमीटर येते. सदऱ्याची लांबी ५० सेंटिमीटर धरली, तर आतल्या हवेचे आकारमान सुमारे १४ लिटर होते. म्हणजे जवळपास एक घागरभर हवा! आता ८४ सेंटिमीटर घेराची घट्ट जर्सी घ्या. अंतर जेमतेम ६ मिलिमीटर आणि हवा फक्त अडीच लिटरच्या आसपास. छाती काही अचूक वर्तुळ नसते, पण फरक किती मोठा आहे हे यावरून ध्यानात येईल.

दुसरा मार्ग उन्हाळ्यातल्या माठाचा. माठाभोवती आपण ओले फडके गुंडाळतो. फडक्यातले पाणी वाळते आणि वाळण्यासाठी लागणारी उष्णता माठातून घेते. पण फडके माठाला टेकलेले असले पाहिजे. तेच फडके वीतभर दूर टांगले तर ते वाळेल खरे, पण उष्णता बरीचशी भोवतालच्या हवेतून घेईल आणि माठ तसाच राहील. घट्ट जर्सी म्हणजे माठाचे हे फडके. ती त्वचेवरचा घाम शोषून घेते, पातळ थरात पसरवते, आणि अंगाला टेकून असल्यामुळे वाळताना उष्णता अंगातूनच नेते.

सैल सदरा भात्याच्या मार्गाने चालतो आणि घट्ट जर्सी माठाच्या. दोन्ही मार्ग बरोबर आहेत. अडचण येते ती मधल्या अवस्थेत. जाड, सैल शिवलेला सदरा घामाने भिजून अंगाला चिकटला, की भाता बंद पडतो. आणि कापड जाड असल्याने फडक्यासारखे लवकर वाळतही नाही.

कापूस आणि पॉलिएस्टर

फुलंब्री तालुक्यातल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी कापूस पिकतो. कापसाच्या बोंडातला तंतू सेल्युलोजचा बनलेला असतो, आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. पाणी कापसाच्या तंतूच्या आत शिरते, तंतू फुगतो. साधारण ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत पूर्ण कोरडा केलेला १०० ग्रॅम कापूस ठेवला, तर तो हवेतूनच सुमारे ८ ग्रॅम पाणी ओढून घेतो.

पॉलिएस्टरची गोष्ट वेगळी. जॉन व्हिनफील्ड आणि जेम्स डिक्सन या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली हा तंतू शोधला. 'टेरिलीन' हे त्याचे पहिले प्रसिद्ध नाव. आपल्याकडे कापूस मिसळून त्याचे टेरिकॉट झाले. तुमच्या आजोबांनी टेरिकॉटचा सदरा नक्की घातला असेल. वर सांगितलेल्याच हवेत १०० ग्रॅम पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा पाणी घेत नाही. पाणी त्याच्या तंतूत शिरत नाही, फक्त दोन तंतूंच्या मधल्या फटीत राहते. त्यामुळे ते लवकर वाळते.

पण मग घाम त्वचेवरून उचलणार कोण? इथे निरांजनातली वात आठवा. तेल वातीतून वर चढते ते तंतूंमधल्या बारीक फटींमुळे. याला केशाकर्षण म्हणतात. फट जितकी अरुंद, तितके द्रव दूरवर चढते. सुरुवातीच्या पॉलिएस्टरचे तंतू जाडसर, गोल आणि गुळगुळीत असत. त्यांच्यात फटी थोड्या, म्हणून घाम त्वचेवरच राही आणि कापड अंगाला चिकटे. पुढे तंतूंवर लांबीच्या दिशेने खाचा ठेवण्याची युक्ती निघाली. अशा खाचांचा 'कूलमॅक्स' हा तंतू ड्यूपाँ कंपनीने १९८६ साली आणला. केसाहून कितीतरी बारीक तंतूही तयार होऊ लागले. आता कापडात असंख्य अरुंद वाटा तयार झाल्या, आणि पॉलिएस्टर वातीसारखे काम करू लागले. घट्ट जर्सीला खरा अर्थ आला तो यानंतर. ज्या कापडाला घाम उचलता येत नाही, ते अंगाला टेकवून उपयोग नसतो.

आणखी एक कारण छपाईचे. उष्णतेने कापडात शिरणारे काही रंग पॉलिएस्टरवर पक्के बसतात, सुतावर बसत नाहीत. त्यामुळे नाव, क्रमांक, नक्षी हे सारे कापडावर वजन न वाढवता छापता येऊ लागले. पूर्वी क्रमांकाचा वेगळा तुकडा पाठीवर शिवत असत. तो ना ताणला जाई, ना त्यातून हवा जाई.

मैदान बदलले

आता तिसरा प्रश्न. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमधला हॉकीचा अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्टला ओलसर गवतावर झाला. भारताने जर्मनीला ८–१ असे हरवले. उत्तरार्धात ध्यानचंदांनी पायातले बूट काढून ठेवले, अशी हकिकत सांगितली जाते. म्हणजे ओल्या मैदानाने खेळाडूला आपला पोशाख बदलायला लावणे, ही गोष्ट नवी नाही.

पण ते ओलेपण अपघाताने आलेले होते. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली. पुढे मोठ्या स्पर्धांसाठी असे कृत्रिम मैदान रूढ झाले, ज्यावर सामन्याआधी मुद्दाम पाणी फवारतात. पाण्यामुळे चेंडू वेगाने सरकतो. खेळाडू त्यावर झेपावतो, घसरतो आणि उठेपर्यंत पुढून चिंब होतो. सुती सदरा असेल तर तो हे सगळे पाणी पिऊन जड होतो, ओघळतो आणि उरलेला वेळ तसाच राहतो.

नियमही बदलले. १९९० च्या दशकात खेळाडू वारंवार आतबाहेर करण्याची मुभा मिळाली आणि दशकाच्या अखेरीस ऑफसाइडचा नियम रद्द झाला. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय सामने ३५ मिनिटांच्या दोन भागांऐवजी १५ मिनिटांच्या चार भागांत खेळले जाऊ लागले. खेळाडू थोडा वेळ मैदानात असतो, पण तेवढ्या वेळात पूर्ण वेगाने पळतो. कमी वेळात जास्त उष्णता, जास्त घाम आणि सतत वाकलेले शरीर. या साऱ्याला ताणली जाणारी, हलकी आणि लवकर वाळणारी जर्सी सोयीची पडली.

एक खेळाडू मात्र अजूनही सैल सदऱ्यात दिसतो: गोलरक्षक. त्याला छातीच्या आणि हातांच्या संरक्षक साधनांवरून सदरा घालावा लागतो. जिथे गरज बदलली नाही, तिथे मापही बदलले नाही.

मग १९९० च्या दशकात काय झाले?

आता तुमची परीक्षा पाहणारा भाग. सदरा दर दशकाला थोडाथोडा घट्ट होत गेला, असे तुम्ही समजून बसला असाल तर जुनी छायाचित्रे पुन्हा पाहा. १९८० साली मॉस्कोत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात मुंबईकडून खेळणारे एम. एम. सोमय्या होते. त्या काळात सदरे बऱ्यापैकी अंगाजवळ आणि अर्ध्या चड्ड्या अगदी आखूड असत. पुढे खडकीच्या धनराज पिल्ले यांचा काळ आला. १९९२ ते २००४ या काळात ते चार ऑलिंपिक खेळले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने ३२ वर्षांनी हॉकीचे सुवर्ण जिंकले. त्या दशकातली छायाचित्रे पाहा: खांदे दंडावर उतरलेले, बाही कोपरापर्यंत, सदरा वाऱ्यावर फडफडणारा. कापड पॉलिएस्टरचे, पण माप पुन्हा सैल!

याचा उलगडा दोन प्रकारे होतो. एक तर घाम उचलणारे नवे तंतू तेव्हा सर्वत्र पोहोचले नव्हते. चिकटणारे पॉलिएस्टर अंगापासून दूर ठेवणे, म्हणजे भात्याचा मार्ग धरणे, हाच शहाणपणा होता. दुसरे म्हणजे त्या दशकात जगभर सैल कपड्यांचीच आवड होती. फुटबॉल, क्रिकेट, बास्केटबॉल, सगळीकडे तेच. म्हणजे फॅशनचाही वाटा होता. विज्ञान आपल्याला काय शक्य आहे आणि त्याचा परिणाम काय होईल ते सांगते. त्यातले काय निवडायचे हे माणसे ठरवतात, आणि ठरवताना शेजाऱ्याकडेही पाहतात. २००० नंतर नवे तंतू स्वस्त झाले, आवडही बदलली, आणि जर्सी पुन्हा अंगाजवळ आली.

मुलींचे माप

पुण्याच्या एलायझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारतीय मुलींनी हॉकीचे सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर खेळणाऱ्या मुली वाढल्या, पण बाजारात मिळणाऱ्या जर्सी बरेचदा मुलांच्या मापावर कापलेल्या असतात. मुलीचे खांदे, छाती आणि कंबर यांचे प्रमाण वेगळे असते. मुलाच्या मापाची जर्सी एके ठिकाणी काचते आणि दुसरीकडे लोंबते. मग मोठा आकार घेतला जातो, आणि ती खेळभर एका हाताने जर्सी सावरते.

हा प्रश्न किती खोल जाऊ शकतो, हे इंग्लंडची हॉकीपटू टेस हॉवर्ड हिने दाखवले. गणवेश आणि मुलींनी खेळ सोडणे यांचा संबंध तिने विद्यापीठात शिकताना अभ्यासला, आणि स्कर्टची सक्ती नको अशी मागणी केली. २०२३ मध्ये इंग्लंडच्या हॉकी संघटनेने स्कर्ट की शॉर्ट्स ही निवड खेळाडूंवर सोपवली. ज्या कपड्यात संकोच वाटतो, त्यात पूर्ण ताकदीने वाकता किंवा झेपावता येत नाही. म्हणून माप ठरवताना टेपइतकेच महत्त्व खेळणाऱ्या मुलीच्या शब्दाला द्यायला हवे.

फुलंब्रीच्या मैदानावर काय घालावे?

आता हे सारे आपल्या गावी आणू. मुंबईत उन्हाळ्यातही हवा दमट असते. बाष्प आधीच भरपूर, म्हणून घाम सावकाश वाळतो. फुलंब्रीत एप्रिल-मेच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता बरेचदा २५ टक्क्यांच्याही खाली उतरते. अशा कोरड्या हवेत घाम झटपट वाळतो. इथे सदऱ्याचे मोठे काम म्हणजे ऊन अडवणे आणि हवा खेळती ठेवणे. रानात काम करणारा शेतकरी पांढरा, सैल, सुती सदरा आणि डोक्याला पागोटे किंवा उपरणे घालतो. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि वर मांडलेले विज्ञानही आहे.

मग आपला कापूस हरला का? मुळीच नाही. व्यायाम करणाऱ्यांवर झालेल्या अनेक चाचण्यांत सुती आणि पॉलिएस्टर कपड्यांमुळे शरीराच्या आतल्या तापमानात फार फरक पडलेला दिसलेला नाही. फरक पडतो तो ओल्या कपड्याच्या वजनात, अंगाला चिकटण्यात आणि खेळाडूला वाटणाऱ्या आरामात. कोरड्या मातीच्या मैदानावर तासभर सराव करायचा असेल तर पातळ, फिकट, थोडा सैल सुती टी-शर्ट उत्तम. तो पॉलिएस्टरइतका कुबट वासही धरत नाही, आणि टाकून दिला तर मातीत कुजतो. पॉलिएस्टर कुजत नाही, आणि प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. पावसाळ्यात, दमट हवेत किंवा पाणी मारलेल्या कृत्रिम मैदानावर सामना असेल, तर हलकी पॉलिएस्टर जर्सी सरस ठरते.

शाळेच्या संघासाठी जर्सी घेणाऱ्या शिक्षकांना यातून तीन सोप्या कसोट्या मिळतील. एक: खेळाडूला वाकून, दोन्ही हात पुढे करायला सांगा, काखेत काचता कामा नये आणि कंबर उघडी पडता कामा नये. दोन: कापडावर पाण्याचा थेंब टाका, तो मोत्यासारखा उभा राहिला तर ते कापड घाम उचलणार नाही, झटकन पसरला तर उचलेल. तीन: कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा, हवा पलीकडे गेली पाहिजे. वर्तमानपत्रातल्या खेळाडूसारखी घट्ट दिसते म्हणून जाड, न शोषणारी जर्सी घेऊ नका. ती माठाचे फडके होत नाही, नुसते प्लॅस्टिकचे वेष्टन होते.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कितीही चांगली जर्सी मे महिन्याच्या दुपारला पुरी पडत नाही. सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. मध्ये मध्ये पाणी प्या. खेळताना कुणाला चक्कर आली, मळमळले किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर ती उष्माघाताची खूण असू शकते. त्याला लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, शुद्धीत असेल तर घोटघोट पाणी द्या आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ओले अंग आणि वारा, हा उपायही बाष्पीभवनाचाच आहे.

करून पाहा

१. एक सुती टी-शर्ट आणि एक पॉलिएस्टर जर्सी घ्या. कोरडे वजन करा. दोन्ही पाच मिनिटे पाण्यात बुडवा, सारख्या जोराने पिळा, पुन्हा वजन करा. मग सावलीत दोरीवर टाकून दर पंधरा मिनिटांनी वजन नोंदवा. वेळ आडव्या अक्षावर आणि वजन उभ्या अक्षावर घेऊन दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. कोणता आलेख अधिक उतरता आहे?

२. दोन्ही कापडांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापा. त्यांचे खालचे टोक शाई मिसळलेल्या पाण्यात बुडवून उभ्या टांगा. दहा मिनिटांत पाणी कुठे जास्त वर चढले? आधी अंदाज लिहा, मग पाहा.

३. हाच वाळवण्याचा प्रयोग एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैमध्ये करा. उत्तर बदलले तर का बदलले, ते हवेच्या आर्द्रतेवरून सांगा.

४. तुमच्या कबड्डी, खो-खो आणि हॉकीच्या संघांतील मुलामुलींना विचारा: खेळताना कपडा कुठे अडतो? उत्तरे एका तक्त्यात मांडा आणि पुढची जर्सी शिवायला टाकण्यापूर्वी तो तक्ता शिंप्याला दाखवा.